चुंबकावरचा शेवटचा कण

“मामा, जरा बघा की. डोळ्यात काय तरी गेलंय.”

विलास चौगले उजवा डोळा तळहाताने झाकून माझ्या लेथपाशी उभा होता. सोमवार होता, साडेदहाचा चहा नुकताच होऊन गेला होता. मी मशीन थांबवलं, चिंधीला हात पुसले आणि त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. लेथ बंद पडल्याचं ऐकून आजूबाजूचे चार-पाच जण आपोआप गोळा झाले. कुणाच्या डोळ्यातला कण काढायचा म्हणजे आमच्या शॉपमध्ये तो बघायचा कार्यक्रमच असायचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा सदाशिव टिपुगडे हे नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक, लेथवर सुताचाही फरक पडू न देणारा टर्नर म्हणून. आणि दुसरं, डोळ्यातलं काढणारा म्हणून. शेजारच्या फाउंड्रीतून, पलीकडच्या पॉलिशवाल्याकडून माणसं माझ्याकडे यायची. मी पातळ कागदाची तिकोनी घडी घालायचो, पापणी उलटायचो आणि घडीच्या टोकाने कण अलगद उचलायचो. लोखंडाचा असेल तर जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं एक चुंबक होतं. काढलेला प्रत्येक लोखंडी कण मी त्या चुंबकालाच चिकटवून ठेवायचो. आल्यागेल्याला ते चुंबक दाखवण्यात मला भारी सुख वाटायचं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

“हात काढ बघू.”

विलासने हात काढला. डोळा लाल झाला होता आणि पाणी गळत होतं. खिडकीचा उजेड पडताच त्याने तो पुन्हा मिटला.

“पंपाचा बुश फोडत हुतो,” तो म्हणाला. “बसला एक घाव, आन् चटकन काय तरी लागलं.”

बुश गनमेटलचा, म्हणजे पितळेच्या जातीतल्या धातूचा होता, जुन्या पंपात इतका आवळून बसलेला, की छिन्नीने चिरल्याशिवाय निघण्यातला नव्हता. शॉपमधल्या छिन्न्या बोथट झाल्या होत्या म्हणून सकाळीच त्याने माझी मागून नेली होती.

मी वरची पापणी उलटली, खालची ओढली. कण कुठेच नव्हता. काळ्या बुबुळाच्या कडेला मात्र एक बारीक रेघ दिसली, केसाच्या तुकड्याएवढी. कागदाचं टोक लावून पाहिलं, तर ती हलली नाही. मग मी चुंबक जवळ नेलं, तसा विलासने झटकन डोकं मागे घेतलं.

“काय झालं?”

“आत टोचलं, मामा.”

“अजून हात लावला न्हाई, तवर टोचलं व्हय रं?” मी म्हटलं आणि भोवतीचे हसले.

मी चुंबक पालथं करून पाहिलं. नवीन काही चिकटलेलं नव्हतं. गनमेटल चुंबकाला धरत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण कण तर दिसत नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि ‘मला कळत नाही’ हे वाक्य त्या खिडकीपाशी मी आजवर कधी बोललो नव्हतो.

“काय न्हाई आत,” मी सांगितलं. “आसंल ते पाण्याबरोबर गेलं. तुझं डोळं आल्यात.”

हे ऐकताच सगळे दोन पावलं मागे सरकले. त्या श्रावणात गावभर डोळ्यांची साथ होती. निम्मं शॉप काळे चष्मे घालून कामाला येत होतं. डोळे आलेल्याच्या डोळ्यात बघितलं की आपलेही येतात, अशी सगळ्यांची खात्री, त्यामुळे माणसं एकमेकांशी जमिनीकडे बघत बोलायची. कुणीतरी आपला जादा काळा चष्मा लांबूनच विलासकडे फेकला. त्याने तो घातला, आणि त्यानंतर दोन दिवस त्या डोळ्याकडे कुणी जवळून पाहिलं नाही.

“मामा, बेस्तरवारी माझी मेडिकल हाय,” विलास हळूच म्हणाला. “तवर जाईल न्हवं लाली?”

ते मला ठाऊक होतं. शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सात वर्षं फिटरचं काम करता करता त्याने रात्री ट्रक चालवायला शिकून घेतलं होतं, मोठ्या गाडीचं लायसन काढलं होतं, आणि दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा त्याला एस.टी.चं ड्रायव्हरचं पत्र आलं होतं. ते पत्र तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात बाळगायचा. लेखी झालं, गाडी चालवून झाली, आता फक्त डोळे आणि छाती तपासायची राहिली होती.

“जाईल की,” मी म्हटलं. “आमच्या आईचं मोतीबिंदूचं आपरेशन झालंय. तिचं थेंब राहिल्यात. दुपारी आणून देतो. दोन दिसांत डोळा कापसासारखा हुईल.”

तो निघून गेला. त्या संध्याकाळी शॉप सुटल्यावर मी थोडा वेळ मागे थांबलो. ग्राइंडरवर माझं थोडं काम होतं.

आईचे थेंब लागू पडले. मंगळवारी दुपारी विलासने चष्मा वर करून मला लांबूनच डोळा दाखवला. लाली निम्म्याने उतरली होती. बुधवारी सकाळी तर डोळा जवळजवळ पांढरा झाला होता. फोरमनने माझ्या पाठीवर थाप मारली. चहाला एकाने विचारलं, “मामा, त्या औषधाचं नाव काय?” मी सांगितलं नाही. वैद्य आपलं औषध सांगत नसतो, असं काहीतरी बोलून मी भाव खाल्ला.

बुधवारीच अकराच्या सुमाराला शॉपच्या फाटकाशी विलासची बायको मालन आलेली दिसली. ती कधी कामाच्या जागी यायची नाही. विलास तिच्या मागे मान खाली घालून उभा होता.

“मामा, तुम्हीच बघितलंय, तर तुम्हीच सांगा ह्यास्नी,” ती म्हणाली. “सकाळी चहा बशीत वताय गेलं, आन् बशी सोडून चटईवर वतला. काल दारात ठेचकाळलं. इचारलं तर म्हणत्यात, काय न्हाई. डोळा पांढरा झाला म्हंजे बरा झाला का हो?”

“कायतरीच हिचं,” विलास म्हणाला. “जरा धुरकट दिसतंय. थेंबानं हुतंय तसं.”

मी त्याला खिडकीपाशी नेलं. चष्मा काढायला लावला. डोळा खरंच पांढरा होता, पण उजेडात धरला तसा त्याने तोंड वाकडं केलं.

“डावा डोळा झाक. हे वाच.” मी व्हर्निअर त्याच्या हातात दिलं. तो रोज शंभरदा वाचायचा ते माप.

त्याने ते डोळ्याजवळ नेलं, लांब नेलं, तिरकं केलं.

“आकडं पुसल्यात मामा ह्यातलं.”

आकडे पुसलेले नव्हते. मी माझी तीन बोटं त्याच्यासमोर धरली. “किती?”

“हात दिसतोय,” तो म्हणाला. “आन् मधी एक काळं काय तरी तरंगतंय. माशीगत.”

मालन माझ्याकडे बघत होती.

“दवाखान्यात चला,” मी म्हटलं.

“उद्या मेडिकल झाली की जातो,” विलास म्हणाला.

“आत्ता.”

“मामा, दवाखान्यात गेलो की पट्टी बांधणार. पट्टी बांधून एस.टी.च्या डॉक्टरफुडं उभा राहू? पुन्हा पत्र कवा येणार? माझं वय निघून चाललंय. अक्षरांचा तक्ता मी पाठ करून जातो, वरच्या वळी सगळ्यास्नी पाठ हायत्या. एक दीस, मामा.”

मालन रडायला लागली होती, पण आवाज न करता. मी विलासचा दंड धरला आणि फाटकाबाहेर ओढत नेऊन त्याला रिक्षात घातलं. शॉपमधले बाहेर येऊन बघत होते. मी मालकालाही सांगितलं नाही. लेथ तसाच चालू राहिला होता, तो नंतर कुणीतरी बंद केला.

डोळ्यांच्या दवाखान्यात साथीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे लाल, आणि आमचा एकटा पांढऱ्या डोळ्याचा. नंबर घेणाऱ्या बाईने विलासकडे पाहून विचारलं, “ह्यांना काय झालंय?” मी म्हटलं, “ह्याला दिसत न्हाई.” तिने आम्हाला रांग मोडून आत घेतलं.

डॉक्टर हर्डीकर पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी विलासची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि आत पाहिलं. मग विचारलं, “हातोड्याचं काम करत होतात का?”

“व्हय,” विलास म्हणाला.

“कधी लागलं?”

“सोमवारी.”

“आणि तीन दिवस घरी बसलात?”

“डोळं आल्यात म्हणून...” विलासने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं त्याने माझ्यासाठी केलं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे घेतली. “बाहेर बघितलीत ना गर्दी? ते डोळे आलेत. आज एक, उद्या दुसरा, बहुतेक दोन्ही येतात. सकाळी पापण्या चिकटतात, चिपडं येतात, खुपतं. पण दिसतं नीट. ती माणसं आठवड्यात बरी होतात. तुमचा एकच डोळा, दुखणारा, उजेड न सोसणारा, आणि वर धूसर दिसणारा. हे डोळे येणं नव्हे. काही घातलंत का डोळ्यात?”

मालनने पदराच्या गाठीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती उचलून वाचली आणि पुन्हा ठेवली.

“ह्याने लाली जाते,” त्या म्हणाल्या. “आतलं जे चाललंय ते चालूच राहतं. उलट जोरात. कुणी दिलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

एक्स-रे काढून आणायला पाऊण तास गेला. त्यात डोळ्याच्या खोबणीत एक ठिपका होता, पांढराशुभ्र, ज्वारीच्या कणीएवढाही नाही. विलास आपल्या चांगल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिला.

“आत गेलाय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बाहेरून आत शिरताना त्याने एक बारीक रेघ ठेवलीय, तेवढीच खूण. आता मला एकच गोष्ट सांगा, आणि नीट आठवून सांगा. तुकडा कशाचा आहे?”

“गनमेटलचा,” विलास म्हणाला. “बुश फोडत हुतो मी.”

“म्हणजे पितळेसारखं? चुंबकाला धरत नाही?”

“न्हाई धरत.”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग अवघड आहे. लोखंड-पोलाद असतं तर आमच्याकडे चुंबक आहे, आज संध्याकाळीच ओढून काढता आलं असतं. पितळ असेल तर इथे नाही जमायचं. पुण्याला पाठवावं लागेल. आज निघालात तरी उद्या दुपारशिवाय ऑपरेशन होणार नाही, आणि आत पू व्हायला सुरुवात झालीय. मी खोटं सांगत नाही, तोवर डोळा राहील असं मला वाटत नाही.” त्यांनी पॅड पुढे ओढलं आणि पुण्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला सुरुवात केली.

मी त्यांच्या पेनाकडे बघत होतो. ‘प्रिय डॉक्टर’ लिहून झालं होतं, विलासचं नाव लिहून झालं होतं. मालन विचारत होती, पुण्याला गाडी किती वाजता आहे.

“पोलाद हाय ते,” मी म्हटलं.

पेन थांबलं.

“गनमेटल न्हवं. छिन्नीचा तुकडा हाय. माझ्या छिन्नीचा.”

“कशावरून?”

मग मी बोलत गेलो. ती छिन्नी मला माझ्या उस्तादांनी, बाळेखान मिस्त्रींनी, काम सोडताना दिली होती. तिच्या डोक्यावर त्यांच्या हाताचे वीस-पंचवीस वर्षांचे घाव होते. घाव बसून बसून ते डोकं चहूबाजूंनी फुललं होतं, काठाला पाकळ्या आल्या होत्या. असं डोकं फुललं की ग्राइंडरवर घासून सपाट करायचं, नाहीतर एखादी पाकळी उडते, हे मी स्वतः दर नव्या माणसाला शिकवायचो. फोरमनने मला दोनदा सांगितलंही होतं. पण मी ती घासत नव्हतो. उस्तादांचा हात आहे त्याच्यावर, म्हणायचो. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहायचो. आणि विलासने ती वापरून परत आणून ठेवली, त्यानंतर तिची एक पाकळी नव्हती. जागा अजून चमकत होती.

“सोमवारी मी चुंबक जवळ नेलं तर त्याला आत टोचलं हुतं,” मी म्हटलं. “हात न लावता टोचलं.”

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीचा कागद फाडला. “हे सोमवारी सांगायला हवं होतं,” एवढंच म्हणाल्या आणि नर्सला हाक मारून ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

विलासने माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं तो काही बोलेल. पण नर्स त्याला घेऊन गेली.

संध्याकाळी पाच वाजता त्याला आत नेलं. मी आणि मालन बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसलो. सव्वासहाला डॉक्टरबाई बाहेर आल्या. तुकडा निघाला होता. डोळा राहील, नजर किती राहील ते आता सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मालन भिंतीला टेकून खाली बसली.

डोळा राहिला. नजर मात्र परत आली ती तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळींपुरती. एस.टी.चं पत्र त्याच प्लास्टिकच्या पिशवीत राहिलं. दीड महिन्याने विलास पुन्हा कामावर आला, तेव्हा मालकाने त्याला स्टोअरमध्ये बसवलं. तो सगळ्यांशी नीट बोलायचा. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायचा, तेही माझ्या खांद्याकडे बघत.

खंडेनवमीला आम्ही मशीनं पुसून, हत्यारं पाटावर मांडून पूजा करायचो. त्या वर्षी मी छिन्नी पाटाच्या अगदी मागे ठेवली होती. आरती झाली, पेढे वाटले, माणसं पांगली. विलास मागे राहिला. त्याने वाकून छिन्नी उचलली आणि चांगल्या डोळ्याजवळ नेऊन तिचं डोकं पाहिलं. ते गुळगुळीत सपाट होतं.

“कवा घासलीसा?” त्याने विचारलं.

दवाखान्यात मी सगळं सांगितलं होतं, एवढं सोडून. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि मी आपणहून सांगितलं नव्हतं. आताही ‘नंतर घासली’ म्हणता आलं असतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

“त्याच दिवशी,” मी म्हटलं. “सोमवारी. तुम्ही सगळी गेल्यावर.”

त्याने छिन्नी परत पाटावर ठेवली. “म्हंजे तुम्हाला सोमवारीच ठावं हुतं.”

“व्हय.”

“आन् मंगळवारी? मी डोळा दावला तवा?”

“तवाबी.”

“आन् मला थेंब घालाय लावलासा.”

मला रडू आलं. साठीला आलेला माणूस मी, त्या पाटासमोर उभा राहून रडलो. वाटलं होतं डोळा बरा होईल, आपोआप होईल, म्हणजे कुणाला काही सांगायला नको, असं मी त्याला सांगितलं. खरं होतं ते. लाली उतरत गेली तसा मी स्वतःलाही पटवत गेलो होतो की आत काही नाहीच.

त्याने मला रडू दिलं. मग सदऱ्याच्या खिशातून औषधाची एक चिमुकली बाटली काढली. डॉक्टरबाईंनी तो तुकडा त्याला देऊन टाकला होता. त्याने बाटली तळहातावर उलटी केली, पाटावरचं माझं चुंबक ओढून घेतलं आणि तुकडा त्याच्याजवळ नेला. तो टक्कन चिकटला. तिथे असलेल्या सगळ्या कणांपेक्षा तो बारीक होता.

“ऱ्हाऊ दे हितं,” विलास म्हणाला. “कोण डोळा घेऊन आला की आदी ह्यो दावायचा.”

त्यानंतर मी कुणाच्या डोळ्याला कागद लावला नाही. पण माणसं येत राहिली, काम सोडून घरी बसलो तरी गल्लीतली अजून येतात. मी चष्मा लावून लांबूनच बघतो. एक डोळा की दोन्ही, ते विचारतो. सकाळी चिकटतात का, दुखतो का, हातोडा नाहीतर ग्राइंडर चालवत होतास का, ते विचारतो. मग चांगला डोळा झाकायला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला सांगतो. दोन्ही चिकटत असतील आणि तारीख घडाघडा वाचली तर टॉवेल वेगळा ठेव, हात धू, कुणाचे उरलेले थेंब घालू नको आणि डॉक्टरला दाखव, एवढं सांगून घरी पाठवतो.

पण एकच डोळा असला आणि तारखेपाशी तो अडखळला, की मी आत जाऊन चुंबक आणतो, छिन्नीचा तो शेवटचा कण दाखवतो आणि तो कुठून निघाला ते सांगतो. दवाखान्यात जायला नको म्हणणाराही तो बघून गप्प होतो. मग प्रत्येक जण एकच विचारतो, हा कुणाच्या छिन्नीचा हो मामा?

माझ्या, असं मी सांगतो, आणि पायात चपला घालून त्याच्याबरोबर दवाखान्यात जातो.